पाचव्या दिवसाचा तक्ता

दिवाळी अंकासाठी दवाखान्यातल्या गमतीजमती लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी लगेच हो म्हणालो. गमती माझ्यापाशी आहेत. मी परिचारक, म्हणजे पुरुष नर्स. दवाखान्यात आम्हाला ‘ब्रदर’ म्हणतात, पण आमच्या जिल्ह्यातल्या खेड्यांतून येणाऱ्या बायांच्या तोंडी हा शब्द कधी बसला नाही. पांढरे कपडे घालून इंजेक्शन देते ती सिस्टर, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. त्यामुळे मी ‘सिस्टरभाऊ’ झालो. केळापूरकडची एक म्हातारी तर भर वॉर्डात डॉक्टरांना म्हणाली होती, “या सिस्टरभाऊचं लगन झालं का वो? हात लय हलका हाये याचा.” पुढे महिनाभर डॉक्टर मला तिच्याच सुरात हाक मारत होते.

अशा आठ-दहा आठवणी लिहून झाल्या. वाचून पाहिल्या. एकेक आठवण खरी होती, पण सगळ्या मिळून खोट्या वाटत होत्या. त्या बाजूला ठेवल्या आणि जी गोष्ट मी एका गावाबाहेर कुणालाही सांगितलेली नाही, ती लिहायला घेतली.

आमचा दवाखाना यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला एका बाजाराच्या गावी होता. गावाचं आणि दवाखान्याचं नाव देत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. वीस खाटा, आणि मागच्या अंगाला नवजात बाळांची एक लांबट खोली. तिथे चार पाळणे, वर ऊब देणारे दिवे, ऑक्सिजनचं एक नळकांडं आणि मी.

बाहेरच्या माणसाला वाटतं, या खोलीत रडण्याचा गोंगाट असेल. खरं उलट आहे. आजारी बाळ रडत नाही. आमच्या खोलीत इतकी शांतता असायची की नवा माणूस दारातून आत येतानाच आवाज खाली करायचा. एखादं बाळ जोरात रडलं की आम्हाला बरं वाटायचं. म्हणजे ते आता घरी जाणार.

या शांततेतच झटके येत. मोठ्या माणसाला मिरगी आली तर चार माणसं धावतात. नवजात बाळाचा झटका शेजारी बसलेल्या आईलाही कळत नाही. त्याचा मेंदू अजून एवढा जुळलेला नसतो की सगळं अंग एकदम उडावं. ते नुसते ओठ चोखतं, तोंडापाशी काही नसताना. पापणी फडफडते. एक पाय सायकल चालवल्यासारखा गोल फिरू लागतो, अगदी संथ. डोळे एका बाजूला वळतात आणि तिथेच थांबतात. कधी चेहऱ्यावर हसू असतं. बघणाऱ्याला वाटतं, बाळानं कुणाला तरी ओळखलं. मग आपणही मागे वळून पाहतो.

पहिल्या वर्षी मी कितीदा तरी असा वळलो असेन. मागे भिंत असायची. इंदिराबाई नावाची आमची आया होती, ती तर पाळण्याची दिशाच बदलून टाकायची. म्हणायची, “त्या कोपऱ्याकडं तोंड नोको करू लेकराचं.”

मी विचारलं, “काहून?”

“मले काय माहीत? तीन दिवस झाले, तिकडंच पाहून राह्यले. लेकरं येगयेगळी, कोपरा एकच.”

मी हसलो. पण पाळणा फिरवताना दुसरी बाजू मीच धरली होती.

थरथर कुठली आणि झटका कुठला, हे ओळखायची एक साधी रीत आहे. हलणारा पाय तळहातात अलगद धरायचा. थंडीनं किंवा भुकेनं थरथरणारा पाय हातात आला की निवतो. झटक्याचा पाय निवत नाही. वरून दिसायचं थांबलं तरी मुठीच्या आत तो चालूच राहतो, आपल्याशी काही संबंध नसल्यासारखा. हे सांगून कळत नाही. एकदा हाताला कळलं की मग कधी चुकत नाही.

सगळेच झटके वाईट नसतात. रक्तातली साखर किंवा कॅल्शियम उतरल्यामुळे आलेले बरेचदा तेवढ्यापुरतेच असतात. असा एक मुलगा बोरी अरबच्या बाजारात भेटतो. त्याचा बाप मला बळेच चहा पाजतो आणि दर वेळी तेच सांगतो, “याचीच साखर उतरलती. आता पाहा, चार चमचे टाकल्याबिगर चहा नाई पीत बेटा.”

जन्माच्या वेळी मेंदूला ऑक्सिजन कमी पडून आलेले झटके मात्र वेगळे. तेही औषधानं थांबतात, बाळ दूध प्यायला लागतं, घरी जातं. पुढे काहींना काहीच होत नाही. काहींना दोन, पाच, सात वर्षांनी मिरगी सुरू होते. कुणाला होईल, हे पाळण्यापाशी उभं राहून कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आमच्याकडे तक्ता होता. तो पाळण्याला लावलेला असे. झटका आला की वेळ, कुठलं अंग, किती मिनिटं आणि सही. संध्याकाळी सहाला नवा कागद. रकाना कोरा राहिला तर डॉक्टर औषध बंद करून बाळाला सोडत. झटके लांबत गेले तर त्याला यवतमाळला तपासायला पाठवत आणि नाव एका वहीत घालत. वहीतल्या बाळाच्या आईबापांना ते समोर बसवून सांगत: याला पुढे मिरगी येऊ शकते, अधूनमधून दाखवत राहा, एकटक पाहत बसलं आणि हाकेला ओ देईना तर थांबू नका, आणि चुलीपाशी, विहिरीपाशी एकटं सोडू नका.

बस, एवढंच. पण हे एवढं सांगितलं जाणं त्या तक्त्यावर अवलंबून होतं.

ती वर्षं कापसाची वाईट होती. नवजात बाळांच्या गोष्टीत कापूस कशाला, असं वाटेल. पण त्या दिवसांत फवारणीचं औषध प्यालेली माणसं आमच्या पुढच्या खोल्यांत येत, कधी आठवड्यात एक, कधी एकाच दिवशी तीन. कपड्यांना तो उग्र वास असायचा आणि तो मागच्या खोलीपर्यंत यायचा. दवाखान्यात माणसं मोजकी. पुढून हाक आली की मी पाळणे इंदिराबाईवर सोपवून धावायचो.

अशाच दिवसांत पूनम आली, नुकती जन्मलेली. घरी बाळंतपण, दोन दिवस चाललेलं. शेअर जीपमधून आणली तेव्हा अंग निळसर आणि आवाज नाही. आई सुनंदा पुढच्या खोलीत पडून, म्हणून पाळण्यापाशी आजी बसायची, गिरजाबाई. बोलकी बाई. मला म्हणायची, “सिस्टरभाऊ, तुमी बाप्या असून लेकराचं करता, तुमची माय धन्य हाये बापा.” पहिल्या दोन दिवसांत पूनमला सात झटके आले. सगळे मी तक्त्यात लिहिले. तिसऱ्या दिवशी दोन, चौथ्या दिवशी एक. औषध लागू पडत होतं. डॉक्टर म्हणाले, “उद्याचा रकाना कोरा राहिला तर सोडू.”

पाचव्या दिवशी संध्याकाळी गिरजाबाईनं पिशवीतून लुगड्यात गुंडाळलेला वरवंटा काढला. आपल्याकडे पाचवीला सटवी येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते, हे वाचकांना सांगायला नको. तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. वरवंटा घरून आला होता, कागद विसरला होता.

“एक कागद द्या भाऊ. ज्याच्यावर कोनं काही लिवलं नसंन, असा.”

डॉक्टरांना असलं काही खोलीत चालत नसे. महिन्यापूर्वी एका पाळण्याखाली लिंबू सापडलं तेव्हा त्यांनी मला बजावलं होतं: पुन्हा असं दिसलं तर तू घरी. मला हे आठवत होतं. पण माझंही घर पाचवी करणारं. वडील यवतमाळात कचेरीत नोकरीला, घरात पुस्तकं, तरी माझ्या आणि माझ्या भावंडांच्या पाचवीला आईनं कागद ठेवला होताच. आणि पाळण्यातल्या त्या पोरीचं नशीब चांगलं लिहिलं जावं, असं मलाही वाटत होतं. खोलीत कोरा कागद एकच होता. सहा वाजता लावायचा नवा तक्ता. तो मी गिरजाबाईला दिला.

तिनं तो घडी करून बाळाच्या गादीखाली ठेवला, हळदकुंकू वाहिलं. मी विचारलं, “हा परत केव्हा काढायचा?”

“सकाळी. तवरक हात नाई लावाचा. तिची लिवाची वेळ हाये.”

आणखी तक्ते कपाटात होते आणि किल्ली मोठ्या सिस्टरकडे. त्या घरी गेलेल्या. लक्षात ठेवू, सकाळी लिहू, असं मी ठरवलं.

दिवेलागणीला पूनम हसली. गिरजाबाई कुजबुजली, “आली पाहा. खेळवून राह्यली.” बाळाचे डोळे डावीकडे वळून थांबले होते. ओठ चोखले जात होते. डावा पाय गादीवर संथ गोल फिरत होता. गिरजाबाईनं हात जोडले. इंदिराबाईनं डोक्यावरून पदर घेतला. मी पाय मुठीत धरला. तो आत फिरतच राहिला. मिनिटभर असेल. त्या मिनिटात त्या खोलीत आम्ही तिघं मोठी माणसं होतो, आणि मला सारखं वाटत होतं की चौघं आहोत. मी कोपऱ्याकडे पाहिलं नाही.

तासाभरानं पुन्हा तसंच झालं. मग पुढून हाक आली. त्या दिवशी औषध प्यालेले तिघं आले होते, त्यातला एक वाचला. मी पहाटेपर्यंत तिकडेच होतो.

सकाळी मोठ्या सिस्टरनी कपाट उघडलं. मी नवा तक्ता घेतला, आदल्या संध्याकाळची तारीख टाकली, नाडी, दूध, ताप हे सगळं भरलं. झटक्यांच्या रकान्याशी आलो आणि डॉक्टर दारात उभे.

“झटके?”

लिहिलं असतं तर विचारलं असतं, रात्रीचा कागद आत्ता का भरतोयस. मग हळद लागलेला तो दुसरा कागद निघाला असता. हे सगळं डोक्यात यायला एक क्षण पुरला.

“नाही साहेब,” मी म्हणालो.

“कोरा? छान.” औषध बंद झालं. दुपारी सुनंदाला सांगायचं कामही माझ्याकडेच आलं. ती भिंतीला धरून उभी होती. तिनं विचारलं, “आता काही भ्या नाई ना?” मी म्हणालो, “काही नाही. एकदम चांगली आहे.” वहीत पूनमचं नाव गेलं नाही.

ते दोन झटके मी विसरलो नाही, पण त्यांचं वजन कमी करत गेलो. थरथर असेल. भूक असेल. हाताला पक्कं कळलेलं डोकं किती दिवस नाकारू शकतं, हे मी स्वतःवरून पाहिलं. सहा-सात वर्षं नाकारलं.

नंतर मी तो दवाखाना सोडून एका फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर लागलो. गावोगाव लहान मुलांची वजनं, लसी, याद्या. एका हिवाळ्यात बोरी अरबच्या पलीकडच्या एका गावी गेलो. दुपार होती. भाव चढेल म्हणून लोकांनी कापूस विकला नव्हता, घरात भरून ठेवला होता. ज्यांनी कापसानं भरलेली खोली पाहिली नाही त्यांना सांगतो: तिथे आवाज मरतो. आपण बोललो तर शब्द तोंडापुढेच पडतो. जमिनीपासून आढ्यापर्यंत पांढरं, आणि अंगाला खाज.

अशा एका घराच्या दारात पाच-सहा माणसं गप्प बसली होती. मी यादी काढून विचारलं, “घरात लहान मूल आहे का?” एकानं तोंडावर बोट ठेवलं आणि आत खूण केली.

कापसाच्या ढिगाला टेकून एक मुलगी बसली होती. समोर म्हातारी. मुलगी हसत होती. डोळे डावीकडे वळून थांबलेले. ओठ काही नसताना चोखत होते. आणि डावा पाय कापसावर गोल फिरत होता, संथ, जराही आवाज न करता. कापूस पायाखाली दबून गोल खळगा झाला होता, म्हणजे हे नेहमीचं होतं.

दारातल्या माणसानं मला हळूच सांगितलं, “पाय हालला का विकाचा नाई. आज हालला. आनखी थांबा लागते.” अर्धं गाव या पोरीच्या पायावर कापूस अडवून बसलं होतं.

मी तिला ओळखलं नव्हतं. पण हात आपोआप पुढे गेला, पाय मुठीत आला आणि हातानं ओळखलं. गिरजाबाईनं मान वर केली.

“सिस्टरभाऊ? तुमीच ना? पाहा, तुमच्या दवाखान्यात सटवी आलती, ती अजून हिच्यासंगच हाये.”

झटका ओसरला. पूनमनं डोळे मिटले आणि उजवा हात मांडीवर घेतला. त्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटून वाकली होती. भाजल्याची कातडी कोपरापर्यंत चकाकत होती.

“हे कशानं?”

उत्तर दारातून आलं. सुनंदा शेतातून आली होती. “चुलीपाशी बसली होती. अशीच पाहत. मी पान्याले गेलती. हात आगीत गेला तरी हे हसूनच राह्यली होती.”

मी खाली बसलो. पुढचं बोलणं मी कसं केलं, ते नीट आठवत नाही. ही मिरगी आहे, म्हणालो. जन्मल्यावर झटके आले होते त्याचीच पुढची गोष्ट आहे, गोळ्यांनी आवरता येते, यवतमाळला न्या. गिरजाबाई मान हलवत होती. “मिरगी असती तं तवाच दवाखान्यात दिसली असती. तुमीच म्हनलं होतं, काही नाई.”

तेव्हा मी सांगितलं. पाचव्या दिवशी संध्याकाळी दोनदा झटका आला होता, मी पाय धरून पाहिला होता, मला कळलं होतं, आणि मी लपवलं.

गिरजाबाई रागावली नाही. तिचा चेहरा उजळला. ती दाराकडे वळून म्हणाली, “आयका. यायलेबी सटवी दिसली होती. इतक्या वर्सानं कबूल करून राह्यले.”

बाहेरच्यांनी मला हात जोडले. माझ्या कबुलीजबाबाचं काय झालं, हे मी बसून पाहत होतो. आयुष्यात एवढी भीती मला त्या कोपऱ्याचीही वाटली नव्हती.

सुनंदानं मात्र हात जोडले नव्हते. तिनं विचारलं, “तवा सांगितलं असतं तं मिरगी आली नसती?”

“आलीही असती. ते सांगता येत नाही.”

“अन् हा हात?”

“तुम्हाला सांगितलं असतं की चुलीपाशी एकटं सोडू नका.”

तिनं पोरीचा भाजलेला हात आपल्या हातात घेतला. मी म्हणालो, “गाडी आहे बाहेर. आत्ताच नेतो यवतमाळला.”

“तुमच्या गाडीत नाई,” ती म्हणाली. “तुमी आता खरं बोलून राह्यले का तवा, हे मले कसं समजन? तोंड तं तेच हाये.”

पुढचं आधीच सांगून टाकतो. गोळ्या लागू पडल्या, पूर्ण नाही, पण पुष्कळ. बोटं मात्र तशीच राहिली. हे मला नंतर शाळेच्या मास्तरांकडून कळलं. पलीकडच्या तांड्यावरचे, राठोड मास्तर. त्या दुपारी सुनंदानं त्यांनाच बोलावून घेतलं होतं. मला म्हणाली, “जे बोलले ते डॉक्टरले लिवून द्या. मास्तर मले वाचून दाखवन.”

मास्तरांच्या वहीतलं पान घेऊन मी लिहिलं. मास्तर अंगणात उभं राहून मोठ्यानं वाचू लागले, शाळेत धडा वाचावा तसं. जन्म घरी. रडली नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी दोन झटके, डोळे डावीकडे, डावा पाय, मिनिटभर. दारातली माणसं अंगणात आली होती. एकजण म्हणाला, “मंग आमच्या कापसाचं कसं, मास्तर?”

“कापूस गेला खड्ड्यात,” सुनंदा म्हणाली. “मास्तर, जेवढं हे बोलले तेवढंच लिवलं हाये ना?”

मास्तरांनी चष्मा वर केला. “एक ओळ जास्त हाये.”

“वाचा.”

“‘सकाळी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो.’ खाली सही हाये.”

गिरजाबाई आत निघून गेली. सुनंदानं पान घेतलं, चार घड्या केल्या, पोलक्यात ठेवलं.

“उद्या सकाळी यवतमाळची पहिली जीप कितीले हाये?”

मला माहीत होतं. मी म्हणालो, “सहाला.”

ती मास्तरांकडे पाहत राहिली.

“सहाले,” मास्तर म्हणाले, तेव्हा ती पोरीचे कपडे पिशवीत भरायला आत गेली.